शंभरातली चौतीस

प्रयोगशाळेत सगळे तिला ताई म्हणत, अगदी तिची वरिष्ठ असलेली, पण वयानं धाकटी डॉक्टरीणबाईसुद्धा. बावीस वर्षं पेशी वाढवून ताईचा हात असा बसला होता की नवे संशोधक तिच्या कामात चूक काढायला धजत नसत.

मेंदूच्या पेशीत केंद्रक असतं आणि त्याला बारीक दारं असतात. कामाची प्रथिनं तिथूनच आत जातात. अल्झायमरमध्ये ही दारं तुंबतात आणि प्रथिनं बाहेर ताटकळत बसतात. बाईंच्या नव्या औषधानं ती दारं मोकळी होतात का, एवढंच पाहायचं होतं. ताईला त्याची घाई इतरांपेक्षा जास्त होती, कारण दोन वर्षांपूर्वी या आजारानं तिच्या नवऱ्यालाच गाठलं होतं.

काम सोपं, पण वेळेचं पक्कं. सौम्य साबणात पाच मिनिटं ठेवून पेशीचं फक्त बाहेरचं आवरण सच्छिद्र करायचं, मग हिरवं चमकणारं प्रथिन सोडायचं आणि ते केंद्रकात शिरतं का ते बघायचं. मंगळवारी औषध दिलेल्या पेशींच्या बशा साबणात असतानाच नवऱ्याचा फोन आला. वॉशिंग मशीनचा पाइप निघून घरभर पाणी झालं होतं आणि कुठला नळ बंद करायचा ते त्याला उमजेना. ताईनं बोलत बोलत त्याला नळापर्यंत नेलं. परतली तेव्हा अकरा मिनिटं झाली होती. तिनं घाईघाईत पुढचं उरकलं.

आणि शंभरातली नव्वद केंद्रकं हिरवीगार निघाली! बाईंना आभाळ ठेंगणं झालं. शुक्रवारच्या बैठकीत हे मांडायचं त्यांनी ठरवूनही टाकलं. ताईला मात्र ती अकरा मिनिटं आठवली. साबणात जास्त वेळ गेला की केंद्रकाचं आवरणही फाटतं, मग दारं तुंबलेली असली तरी वाटेल ते आत घुसतं. तरी त्या दिवशी तिनं हे बाईंना सांगितलं नाही. तिला तो हिरवा रंग हवाच होता, हे कशाला लपवा?

बुधवारी सकाळी तिनं बाईंना गाठलं. “त्या बशा अकरा मिनिटं साबणात राहिल्या होत्या. चूक माझी आहे.”

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. औषध न घातलेल्या बशा मुद्दाम अकरा मिनिटं ठेवून पाहिल्या, तर त्याही हिरव्यागार. सगळी मेहनत पाण्यात गेली.

गुरुवारी नणंदेला घरी नवऱ्याजवळ बसवून ताईनं सारं पहिल्यापासून केलं. सोबत दारांत न मावणारा, मोठ्या कणांचा लाल रंगही सोडला. आवरण फाटलंच तर तो आत शिरून चुगली करणार होता. तिनं दोनदा मोजलं. औषधाविना शंभरातली बारा हिरवी, औषधासह चौतीस. लाल रंग बाहेरच.

“नव्वद नाहीत,” बाई म्हणाल्या.

“नसू देत. या चौतिसांत प्रथिन दारांतूनच शिरलंय.”

घरी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आलेला माणूस, त्याला दारं अडकणं-मोकळी होणं चटकन कळलं.

“मला उपयोग होईल?” त्यानं विचारलं.

“बशीतल्या पेशी आहेत हो त्या. अजून कितीतरी वर्षं लागतील. तुमच्यापर्यंत पोचेल की नाही, माहीत नाही.”

“पण खरं आहे ना?”

“खरं आहे.”

तो इतका हरखला की बहिणीला हाक मारून त्यानं तिलाही ऐकायला बसवलं. मग जेवणं झाली. ताई ताटं उचलत असताना त्यानं विचारलं, आज कामावर काय झालं?

नणंदेनं मान खाली घातली. ताईनं हातातली ताटं ठेवली, खुर्ची त्याच्याजवळ ओढली आणि अकरा मिनिटांपासून चौतिसापर्यंत सगळं पुन्हा सांगितलं. तो तितकाच हरखला, आणि तीसुद्धा.