'नको'ची जागा

मी बोलायचा तक्ता. नाव ऐकून हसू नका. मला स्वतःला एक शब्द बोलता येत नाही. मी दुसऱ्यांसाठी बोलतो, तेही कुणी बोट ठेवलं तर. आज पहिल्यांदाच कुणाचं बोट नसताना बोलतोय, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

माझा जन्म शाळेच्या जिन्याखालच्या खोलीत झाला. दारावर 'विशेष साहाय्य कक्ष' अशी पाटी होती आणि आत मोडक्या खुर्च्या, हवा गेलेले चेंडू आणि एक बाई होत्या. ज्या मुलांना बोलणं जमत नाही, शिकणं जड जातं, त्यांच्यासाठी या बाईंची नेमणूक झाली होती. मुलं त्यांना वाचाबाई म्हणत. पाहुणे आले की मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, त्यांना कौतुकानं पाटी दाखवत. दार उघडत नसत.

वाचाबाईंनी जाड पुठ्ठा कापला, चौकोन आखले, चित्रं स्वतः काढली. त्यांची चित्रकला यथातथाच. पाण्याचा पेला फुलदाणीसारखा झाला आणि 'आई'चं नाक जरा जास्तच लांबलं. पण प्रत्येक चित्र वेल्क्रोवर बसवलेलं, त्यामुळे काढता-लावता यायचं. उजव्या कोपऱ्यात लाल रंगाचा, पुढे केलेला तळहात होता. तो 'नको'.

मी ठकीसाठी होतो. ठकी हे तिच्या आईनं लाडानं ठेवलेलं नाव. दुसरीत होती. तिला सगळं समजायचं, शब्द तेवढे तोंडातून यायचे नाहीत. मोठा आवाज सोसायचा नाही. घंटा झाली की ती कान झाकायची आणि कुणी धरून ओढलं की चावायची. वर्गात तिला 'चावरी' म्हणत. तिला का चावावं लागतं, हे विचारायची पद्धत नव्हती.

वाचाबाई मला रोज तिच्या मांडीवर ठेवत. पुष्कळ दिवस तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. मग एकदा वर्गशिक्षिकेनं तिच्या पुढ्यात ओल्या मातीचा गोळा ठेवला. ठकीचं बोट हवेत घुटमळलं आणि लाल तळहातावर येऊन टेकलं. वाचाबाईंनी लगेच माती उचलली. ठकी रिकाम्या बाकाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. आपण सांगितलं आणि कुणी ऐकलं, हे तिच्या आयुष्यात नवीनच होतं.

मग काय विचारता. 'नको'चा नुसता सुकाळ. खडू नको, रांग नको, गाणं नको, शेजारीण नको.

"बाई, काय शिकवलंत हिला?" वर्गशिक्षिका वैतागली. "ऊठसूट नको."

"चावते का हल्ली?"

"नाही, चावत नाही म्हणा."

"मग असू दे की."

अशात बातमी आली की संस्थेचे अध्यक्षसाहेब शाळा बघायला येणार. मोठ्या बाईंनी मीटिंग बोलावली. विषय मी होतो. मला टेबलावर उताणं ठेवलं आणि सगळ्या माझ्यावर ओणवल्या, पेशंट बघावा तशा.

"तक्ता छान झालाय," मोठ्या बाई म्हणाल्या. "हा 'नको' तेवढा काढा. पाहुण्यांपुढे बरं दिसत नाही."

"बाई, तिला तोच तर नीट येतो," वाचाबाई म्हणाल्या.

"म्हणूनच. त्या जागी 'धन्यवाद' लावा. संस्कार दिसतात."

"मग तिनं नको कसं म्हणायचं?"

"नको म्हणण्यासारखं आपण काही करतो का तिला?"

तेवढ्यात मावशींनी चहा पुढे केला. "नको," मोठ्या बाई म्हणाल्या, "पित्त होतं." मावशींनी मुकाट्यानं कप मागे घेतला. कुणालाच काही खटकलं नाही. मला खटकलं, पण माझ्यावर बोट कोण ठेवणार?

लाल तळहात वाचाबाईंच्या पर्समध्ये गेला. त्याच्या जागी एक हसरा चेहरा आला, खाली ठळक अक्षरांत 'धन्यवाद'.

अध्यक्षसाहेब आले. सभागृहात शाळेचा बँड दणदणायला लागला. ठकीला पहिल्या रांगेत बसवलं होतं, मी मांडीवर. ढोलाच्या ठोक्यासरशी तिचं अंग ताठ होत होतं, ते मला खालून कळत होतं. साहेबांनी तिचा गालगुच्चा घेतला आणि खांद्यावर हात टाकला. फोटोवाला म्हणाला, "अजून जवळ घ्या, साहेब."

ठकीचं बोट खाली आलं. उजव्या कोपऱ्यात. तिनं चित्र बघितलंच नाही, तिला जागा पाठ होती.

"धन्यवाद म्हणतेय," मोठ्या बाई माइकवर म्हणाल्या. टाळ्या पडल्या. त्या आवाजानं ठकी आणखी आकसली आणि बोट आणखी जोरात दाबायला लागली. "बघा, पुन्हा म्हणतेय." पुन्हा टाळ्या. बँडलाही हुरूप आला. माझा पुठ्ठा वाकायला आला. इतकी कृतज्ञ मुलगी त्या सभागृहानं कधी पाहिली नव्हती.

मागच्या रांगेतून तिची आई उठली. "अहो, नको म्हणतेय ती," असं ओरडत होती. टाळ्यांत ते कुणाला ऐकू जाणार? वाचाबाई पर्स उघडत पुढे धावल्या. ठकीनं चर्रकन 'धन्यवाद' उपटून भिरकावला, आणि वाचाबाईंनी त्या मोकळ्या जागी लाल तळहात लावला. ठकीनं त्यावर बोट ठेवलं आणि सरळ साहेबांकडे बघितलं.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"नको म्हणतेय, साहेब," वाचाबाई म्हणाल्या.

"मला?"

"तुम्हाला, बँडला, सगळ्यांनाच."

साहेबांनी खांद्यावरचा हात काढला आणि बँड थांबवायची खूण केली. माणूस तसा समंजस होता. ठकी चावली नाही. पेपरात मात्र फोटो आधीचाच आला. खाली लिहिलं होतं, 'आभार मानताना चिमुकली'.

ठकीला मग नवा तक्ता मिळाला, गळ्यात अडकवता येणारा, अगदी मधोमध 'नको' असलेला. तसा वाचाबाईंनी हट्टच धरला. आणि मी प्रसिद्ध झालो. मोठ्या बाईंनी मला ऑफिसबाहेरच्या काचेच्या कपाटात ठेवलं. त्याआधी आठवणीनं 'धन्यवाद' परत चिकटवला. आता मी स्वच्छ असतो. पाहुणे येतात, मान डोलावतात, जातात. ठकी येता-जाता थांबते आणि काचेवर माझ्या उजव्या कोपऱ्यापाशी बोट टेकवते. मावशी डाग पुसतात. दुसऱ्या दिवशी तो परत असतो.

काल वाचाबाई ऑफिसात आल्या. पहिलीत एक नवी मुलगी आली आहे, बोलत नाही, स्वतःच्याच मनगटाला चावते.

"तिचा तक्ता तयार होईपर्यंत हा देऊ का?"

"नको," मोठ्या बाई म्हणाल्या. "मळेल."

"थोडे दिवस, बाई."

"नको म्हटलं ना एकदा?"

"तुम्ही म्हटलंत, बाई. तिनं कसं म्हणायचं?" वाचाबाईंनी विचारलं. मोठ्या बाईंनी खणातून किल्ली काढून टेबलावर ठेवली.

आज मला बाहेर काढतील. पेला अजून फुलदाणीसारखाच आहे, आईचं नाकही तेवढंच लांब. त्याला कुणाची हरकत नसावी. तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी काचेत असेल, तर त्यालाही एखाद्या मांडीवर ठेवा, आणि आधी 'नको' लावा. धन्यवादाचं पुढे बघता येईल.

कुलपात किल्ली फिरतेय. येतो मग. मळायला निघालोय.