गिल्बर्टचे दोन मुलगे, दोन बाजू

माझा धाकटा भाऊ गिल्बर्ट, ऑकिनरेचा लॉर्ड, आयुष्यात एका कुशीवर कधी झोपलासुद्धा नाही. राजा म्हणायचा, चर्चमध्ये बिशप हवेत. पाद्रीबुवा म्हणायचे, आमचा थेट देवाशी करार झालाय, मध्ये बिशप कशाला? त्यापायी अख्खं स्कॉटलंड एकमेकांच्या उरावर बसलं होतं. गिल्बर्ट दोघांपुढेही मान डोलवायचा. दुपारी राजाच्या नावाने प्याला उचलायचा आणि संध्याकाळी करारवाल्यांच्या लांबलचक प्रार्थनेत उभ्या उभ्या पेंगायचा.

लढाई पेटली तेव्हा त्याने आमच्याकडचे बरेच लॉर्ड करतात तेच केलं. थोरल्या वॉल्टरला करारवाल्यांकडे पाठवलं, धाकट्या निनियनला राजाकडे. कुणीही जिंको, त्यांच्यात आपला एक मुलगा असला की जमीन घरातच राहते. स्वतः मात्र पाय सुजल्याचं सांगून अंथरुणात शिरला. मी विचारलं, ही मुलं आहेत की सोंगट्या? तर म्हणे, ताई, तुला राजकारण कळत नाही. ते निनियनलाही कळत नव्हतं. नवे बूट मिळाले म्हणून पोरगं खुशीत गेलं.

राजाकडचे हरले. वॉल्टर छाती काढून परतला आणि चर्चच्या पंचांत जाऊन बसला. निनियन कैदेत पडला आणि त्याची मान उडवायचं ठरलं.

आता मात्र गिल्बर्ट सुजलेले पाय विसरून अंथरुणातून उठला. त्याने अन्न सोडलं, पाद्रीबुवांच्या दारात जाऊन रडला. बुवांनी वाट काढली. रविवारी सगळ्यांसमोर पश्चात्तापाच्या तिवईवर उभं राहून बापाने कबूल करावं की पोराला मीच पाठवलं. मग पोरगा हुकमाचा बांधील म्हणून सुटेल, जमीन मात्र जप्त होईल. गिल्बर्टने क्षणभरही विचार केला नाही. जन्मात पहिल्यांदा मला त्याचा अभिमान वाटला.

त्या तिवईवर आमच्याकडे एरवी लग्नाआधी पोटुशी राहिलेल्या पोरी आणि त्यांचे यार उभे राहतात. तिथे लॉर्ड चढणार म्हटल्यावर शेजारची गावंही लोटली. गिल्बर्ट गोणपाट गुंडाळून वर चढला.

"निनियनला मी पाठवलं," तो म्हणाला. "त्याचा दोष नाही. जमीन घ्या, पोर सोडा."

पंचांच्या बाकावरून वॉल्टर उठला. जमीन पुढे त्याचीच व्हायची होती.

"बुवा, बाबांचं मनावर घेऊ नका. समोर जो असेल त्याच्या मनासारखं बोलायची त्यांची सवय अख्ख्या परगण्याला ठाऊक आहे. निनियन आपल्या मर्जीने गेला."

बाकांवर माना हलल्या. कुणीतरी फिस्सकन हसलं. मी उठून ओरडले की माझा भाऊ खरं बोलतोय, मी साक्षीदार आहे. बुवांनी मला खाली बसवलं. चर्चमध्ये बायकांनी बोलायचं नसतं.

त्याच आठवड्यात निनियनची मान उडवली. जमिनीचा एक तुकडाही गेला नाही.

गिल्बर्ट चुलीपाशी बसून असतो. मी त्याच्यासमोर पेज ठेवली, तर त्याने माझा हात धरला.

"ताई, मी खरंच बोललो होतो ना गं?"

"बोललास रे," मी म्हटलं. "पण तुझं खरं मानायची कुणाला सवयच नव्हती."