बंद दाराआडचा घण

लोहारदादांचा गडी घण टाकून निघून गेला, तो दिवस मला चांगला आठवतो. भांडण सकाळीच जुंपलं होतं. लोहारदादांच्या भट्टीची आणि माझ्या शिलाईच्या खोलीची भिंत एकच. तिकडं कुणी शिंकलं तरी इकडं ऐकू येतं.

"कंबर गेली माझी उभ्या उभ्या! गिरणीत बसून काम मिळतंय मला," गडी ओरडला आणि घण दाणकन जमिनीवर आदळला.

लोहारकाम एकट्याचं नसतं. एकानं तापलेलं लोखंड सांडशीत धरायचं, फिरवायचं, हातोडीनं टकटक करून जागा दाखवायची. दुसऱ्यानं नेमक्या त्या जागी घण घालायचा. दुसरा नसला तर नुसता कोळसा जाळून काय करायचं? दादांनी आठ दिवस गाव पालथं घातलं. सख्ख्या धाकट्या भावाला विचारलं, तर तो म्हणाला, "माझी पाठ धरलीय." त्याची पाठ कायमच धरलेली असायची. पत्ते खेळायला बसला की तेवढी सुटायची.

शेवटी त्यांची बायको, आमची वहिनीच म्हणाली, "मी मारते."

दादा हसले, पण घण दिला हातात. तो कसाबसा खांद्यापर्यंत गेला आणि ऐरणीच्या कडेवर तिरका पडला. वहिनीचं मनगट हे एवढं सुजलं. दादांनी स्वतः तेल चोळलं आणि म्हणाले, "अगं, मन आहे तुझं, पण अंगात जोर नको का? तेवढा जोर आण. मग तू आणि मी. तिसऱ्याचं तोंड बघायला नको."

एवढं बोलणं तिला पुरलं.

त्यांच्या परसात भंगाराचा ढीग, म्हणून ती माझ्या परसात यायला लागली. शाळेतल्या कवायतीच्या बाईंनी शिकवलेलं तिला थोडंफार आठवत होतं. आधी भिंतीला हात टेकून जोर काढायची. मग पायरीला टेकून. मग सरळ जमिनीवर. तेलाच्या दोन रिकाम्या डब्यांत वाळू भरली, आधी अर्धी, आणि ते दोन्ही हातांत लोंबकळत धरून परसाला फेऱ्या. खांद्यावर धान्याचं पोतं घेऊन उठाबशा. मनगटासाठी तिनं वेगळीच युक्ती काढली होती. काठीला दोरी बांधायची, दोरीला वीट, आणि काठी दोन्ही हातांनी पिळत पिळत वीट वर आणायची. मी एकदा करून बघितलं, वीट अर्ध्यावर यायच्या आत माझ्या तोंडाला फेस!

पहिल्या आठवड्यात तिनं रोज केलं आणि हात असे जखडले की केसांपर्यंत जाईनात. वेणी मी घालून दिली.

"बाई गं, एक दिवस आड कर," मी म्हणाले. "कापडसुद्धा रोज धुतलं तर विरतं."

तिनं ऐकलं. महिनाभरानं पंक्चरवाल्याकडून ट्रॅक्टरचा फाटका टायर आणला आणि लाकडाच्या ओंडक्याला दांडा बसवून तो टायरवर हाणायला सुरुवात केली. ऊन अंगणात उतरेपर्यंत तिकडं धप्प, इकडं माझ्या मशीनची खडखड. मी शिवता शिवता मोजायची. वीस झाले की ती थांबायची, पाणी प्यायची, पुन्हा वीस. तोवर दादा विळ्या-कोयत्यांना धार लावून दिवस काढत होते.

तीन महिन्यांनी तिचं नवं पोलकं बेतलं तेव्हा दंडाला टेप लावली. आधीचं माप दहा इंच. आता सव्वाअकरा. मी पुन्हा मोजलं. ती लाजून हसली.

त्याच आठवड्यात ती भट्टीवर उभी राहिली आणि भिंतीपलीकडून आवाज बदलला. हातोडीची टकटक आणि लगेच घण, टकटक आणि घण, एकही वार चुकेना. दादा खुशीत होते. खाणीवरच्या मुकादमानं साठ पहारींना टोकं काढायचं काम दिलं होतं. फक्त भट्टीचं पुढचं दार आताशा बंद असायचं. "ठिणग्या रस्त्यावर उडतात," दादा म्हणाले. वहिनीला ते पटलं. मलाही पटलं.

पोलकं घालून बघायला वहिनी आली होती. आतल्या खोलीत पडद्यामागं होती. तेवढ्यात तिचा दीर आला, दुकानाच्या खुर्चीत ऐसपैस बसला.

"सदरा शिवायचाय," तो म्हणाला. "दंडाला जरा सैल ठेवा. घण मारून मारून फुगलेत."

मी त्याच्या दंडाकडं बघितलं. दोडका बरा.

"घण तुम्ही मारता?"

"सगळ्या गावाला ठाऊक आहे." मग आवाज खाली आणून, डोळा बारीक करून म्हणाला, "तुमच्यापासून काय लपवायचं? दादाच म्हणाला, दुपारी तोंडाला काजळी लावून दारात बसत जा, मुकादम यायच्या वेळी. बायको घण मारते म्हटल्यावर हसतील ना लोक! मला तरी काय, बसायला मिळतं. वहिनी चहा पण आणून देते."

पडदा हलला नाही. तो गेल्यावर वहिनी बाहेर आली. पोलक्याच्या गुंड्या नीट लागल्या होत्या, चेहऱ्यावर मात्र रक्त नव्हतं.

"मी त्याला चहा देत होते," ती म्हणाली. "मला वाटायचं, भावाची आठवण येते म्हणून येऊन बसतो, काजळी भट्टीची उडते तोंडावर."

घरी जाऊन भांडली नाही. मी भिंतीला कान लावून बसले होते, खोटं कशाला बोलू? एक शब्द आला नाही.

दुसऱ्या दिवशी मुकादम उरलेल्या पहारी न्यायला आला. दीर दारात काळं तोंड करून बसलेलाच होता. वहिनीनं आतून दार सताड उघडलं. दादांनी लाल पहार ऐरणीवर धरली होती. त्यांची हातोडी टकटकली. घण पडला नाही.

"मार की," दादा पुटपुटले.

"भाऊजी मारतील," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "गावाला ठाऊक आहे तेच मारतात म्हणून. या भाऊजी."

रस्त्यावर चार माणसं थांबली. मीही सुई तशीच कापडात खोचून गेले. दीर उठला, करतो काय! पहिला वार पहारीच्या बाजूला गेला, दुसरा ऐरणीच्या कडेवर, आणि घण उसळून त्याच्याच नडगीला घासला. तो एका पायावर नाचत बाहेर आला. लोखंड काळं पडलं होतं.

वहिनीनं पहार पुन्हा विस्तवात सारली, भाता ओढला, लाल झाल्यावर दादांच्या हातात सांडशी दिली आणि घण उचलला. सहा वारांत टोक निघालं.

दादांनी मान वर केली नाही. मुकादमानं टोकावर अंगठा फिरवला. सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होते.

"चांगलं झालंय," तो म्हणाला. "बाकीच्या किती वाजता मिळतील? कोण मारतं त्याच्याशी मला काय करायचंय, खाणीत माणसं खोळंबलीत."

संध्याकाळपर्यंत सगळ्या पहारी झाल्या. गाडी गेल्यावर भिंतीपलीकडून दादांचा आवाज आला, कधी नव्हे इतका मऊ.

"बघितलंस ना, मुकादमाला काहीच वाटलं नाही. मी उगाच घाबरलो."

"त्याला कशाला वाटेल?" वहिनी म्हणाली. "तो परका. वाटली तुम्हाला. माझी लाज."

 मग विस्तवावर पाणी मारल्याचा आवाज आला, आणि वहिनी पाठीमागच्या दारानं माझ्या परसात आली. दिवसभर घण मारून तिचे दंड भरून आले होते. पायरीवर बसली. मी पाण्याचा तांब्या दिला, तो दोन्ही हातांनी धरून ती प्यायली.

"उद्या जाशील भट्टीवर?" मी विचारलं.

"जाईन. काम माझं आहे." आणि रिकामा तांब्या खाली ठेवत म्हणाली, "तेल तेवढं तू चोळशील का गं दंडाला? त्यांच्याकडून नको वाटतं आता."