हमदानच्या तोंडावरचा खडक

नुवैब्याच्या किनाऱ्यावर मुझैना ह्या अरब जमातीच्या माणसानं "हे माझ्या तोंडावर" म्हटलं, की विषय संपला. मग त्या वस्तूला हात लावणारा त्या माणसाच्या तोंडालाच काळं फासतो. हमदाननं गावासमोरचा पोवळ्यांचा खडक असा तोंडावर घेतला, आणि सरकारी पाट्यांना भीक न घालणाऱ्या होड्या मुकाट्यानं लांबून जाऊ लागल्या. पाण्यात उतरून पोवळ्यांची तब्येत बघणारी स्वयंसेवकांची टोळी जमली, तिचा म्होरक्याही तोच.

आणि परवा वाऱ्यात इंजिन बंद पडलं, होडी खडकाकडे ओढली जायला लागली, तेव्हा ह्याच बहाद्दरानं घाबरून नांगर टाकला. खाली काय आहे ते बघितलंसुद्धा नाही. नांगर उपसताना काहीतरी मोडल्याचं हाताला कळलं. घरी येऊन तो गपचूप जेवला.

टोळीतल्या हद्बाला ते मोडकं पोवळं सापडलं. खाटेएवढं, तिच्या आजोबांच्या वयाचं. ती पाण्याबाहेर येऊन रडली, आणि गावानं लगेच सुवेलिमचं नाव घेतलं. हा हमदानचा चुलतभाऊ. पूर्वी त्याच खडकावर चोरून मासे मारायचा. एकदा बदनाम झालेल्याला कोण विचारतो! बैठक बसली. गुन्हा ठरला तर सुवेलिमची होडी कायमची वाळूवर चढणार होती, आणि घर तर त्या होडीवरच चालायचं.

हमदानला चहा गिळवेना. खरं बोलावं तर तोंड गेलं, आणि तोंड गेलं की खडकाची राखणही गेली. उद्याच होड्या घुसतील. पोवळ्यांसाठीच गप्प बसतोय, असं तो स्वतःला बजावत होता. लाज वाटायची ती वाटतच होती.

सुवेलिमनं ना शपथ घेतली, ना आरडाओरडा केला. "तोंड हमदानचं आहे," तो म्हणाला. "त्यानं सांगितलं मी मोडलं, तर मी मोडलं. तो खोटं बोलायचा नाही."

"माझा नांगर होता," हमदान म्हणाला. "मी मोडलं."

हद्बानं त्याच्याकडे पाठ फिरवली. शेवटी एका म्हाताऱ्यानं सगळ्यांच्या मनातलं विचारलं, की मग आता खडक कुणाच्या तोंडावर?

"माझ्या," सुवेलिम म्हणाला, आणि चुलतभावाकडे वळला. "भावा, तुझी होडी तिकडे दिसता कामा नये."

हमदाननं खाली मान घालूनच हो म्हटलं.