रंभेचा खोकला

दुपारचे चार वाजले की भीमाबाईच्या रिकाम्या गोठ्यात म्हैस खोकायची. ओला, घोगरा खोकला, तीनदा. मग सगळं गप्प. गोठ्यात ना चारा होता ना शेण, आणि रंभा म्हैस मरून दोन वर्षं उलटली होती.

ही गोष्ट भीमाबाईनं कुणाला सांगितली नव्हती. ओवे गावात तिच्या तोंडाला लागायला भलेभले कचरायचे. समोरच्या टॉवरचा बिल्डर तिच्या अंगणापुढून गाडी नेताना हॉर्न वाजवत नसे. अशा बाईनं मेलेल्या म्हशीला भ्यायचं म्हणजे काय? ती चारच्या आत टीव्ही मोठा करून ठेवायची. खोकला टीव्हीच्या वर ऐकू यायचा.

त्या दिवशी चारला थोडा अवकाश असताना प्रांजल दारात उभी राहिली. विद्यापीठाच्या नव्या पशुवैद्यक विभागातली ही शिकवणारी पोरगी, आणि ही तिची तिसरी खेप.

"परत आलीस? मागं 'नाय' सांगितलेला, तो काय विरघळला?"

"मावशी, या वेळी गावातली जिवंत जनावरं नाही मागत. रंभेची हाडं मागते."

भीमाबाईनं टीव्ही बंद केला.

प्रांजलनं सगळं सांगितलं. इमारत झाली, यंत्रं आली, परदेशातले प्राध्यापक येऊन इथल्या शिक्षकांना शिकवून गेले. पण साठ मुलं प्लास्टिकच्या म्हशीवर हात फिरवून डॉक्टर होणार, कारण आसपासचा एकही गोठा त्यांना आत घेत नव्हता. निदान एक खरा सांगाडा तरी हवा. मिठागरवाल्यांच्या रीतीनं रंभेला गोणभर मिठात पुरलंय, तेव्हा हाडं जागच्या जागी असतील.

गोठे का बंद होते, ते भीमाबाईला कुणी सांगायची गरज नव्हती. ते तिनंच बंद केले होते. रंभा गेली तेव्हा तिनं गावभर ओरडून सांगितलं होतं, काशीराम डॉक्टरनं सुई टोचली नि माझी म्हस मेली. त्याची बॅग गटारात भिरकावली होती. काशीराम बदली घेऊन चिरनेरकडे गेला, आणि त्यानंतर गावानं कुठल्याच डॉक्टरला जनावराला हात लावू दिला नाही.

"हाडांवरनं कलतं काय गो, कशानं मेली ते?"

"मोडलेलं असेल तर कळतं. छातीचं दुखणं हाडांवर दिसत नाही, मावशी."

भीमाबाईनं सुस्कारा सोडला. म्हणजे कुणालाच कधी कळणार नव्हतं. आणि तेवढ्यात गोठ्यात रंभा खोकली. एकदा, दोनदा, तीनदा.

"आयकलास?"

"काय?" प्रांजल म्हणाली.

भीमाबाई उठली. आढ्यात खोचलेलं, गुरांना औषध पाजायचं बांबूचं नळकांडं तिनं खाली काढलं. तिच्या सासूचं होतं ते, तेलानं काळं पडलेलं. रंभेचं पोट फुगलं तेव्हा तिनं सासूसारखंच केलं होतं. म्हशीचं तोंड वर करून जीभ बाहेर ओढून धरली आणि हिंगाचं तेल ओतलं. रंभा तीनदा खोकली, नाकातून तेल आलं. दोन दिवसांनी काशीराम आला, छातीला कान लावून म्हणाला, "तेल फुफ्फुसात उतरलंय. पाजताना जीभ कुणी ओढली होती?" सगळ्या गावासमोर विचारलं मेल्यानं. भीमाबाई म्हणाली, "कुनी नाय."

"ने हाडं," ती आता म्हणाली. "पन उभी केलीस की मला बोलाव. गावच्या बायांना मी आनते. काशीरामला तू आन."

दोन महिन्यांनी विभागाच्या हॉलमध्ये रंभा तारांवर उभी होती, पांढरी, मान किंचित वर. एका बाजूला साठ मुलं, दुसऱ्या बाजूला ओव्याच्या बाया, बायांच्या मागं भिंतीला टेकलेला काशीराम. भीमाबाईनं नळकांडं वर धरलं.

"जीभ ओढली की जनावराला गिळता येत नाय. तेल छातीत जातंय. हिची जीभ मी ओढली. डॉक्टरची सुई खोटी नव्हती, मी खोटी."

बायांत कुजबुज झाली. शेवटी शेजारची कमळाबाई म्हणाली, "आमीपन तसाच पाजतो गो. पोरांनो, उद्या आमच्या गोठ्यात या. कसा पाजायचा ते दावा."

भीमाबाईचं लक्ष घड्याळाकडे होतं. चार वाजले. तिनं पाठ सांगाड्याकडेच ठेवली. दोन वर्षं एकटीनं ऐकलं होतं. आता सांगून टाकलं, आता सुटेल.

मागून, सांगाड्याकडून खोकला आला. ओला, घोगरा, तीनदा.

ती वळली नाही. पण समोरची साठच्या साठ पोरं मात्र एकदम मान वर करून तिच्या मागं बघू लागली.