गोठ्यातलं टेबल

"भाऊजी, फळी रंधताय की तिची समजूत काढताय?" म्हातारीनं दारातून विचारलं.

"लाकूड आहे, वहिनी. तुमच्यासारखंच. घाई केली की तडकतं."

सुतार हा म्हातारीचा धाकटा दीर. सकाळपासून त्यानं चार फळ्या आणि सहा कप चहा हातावेगळे केले होते. चहात हात जास्त चालला होता.

शेवटची म्हैस विकल्यावर गोठ्याची जेवणाची खोली झाली, पण मातीची जमीन आणि कडबा कापायचं यंत्र तिथंच राहिलं. सुनेनं निक्षून सांगितलं होतं, "कामाला येत असेल तर ठेवा, नाहीतर गुरुवारी भंगारात." म्हातारीनं तीस वर्षं त्याचं चाक फिरवलं होतं. तिचा उजवा दंड अजून डाव्याच्या दीडपट. तिनंच तोड काढली: पाती काढा, वर फळा बसवा, टेबल करा.

दुपारी फळा बसला. सांधा असा की नख शिरेना. सून खुर्ची ओढून बसली, तर टेबल थेट तिच्या गळ्याशी.

"काका, यावर ताट ठेवायचं की मान?"

"उंची चोख आहे! माझ्या कामाच्या बाकाएवढी. मोजून बघितलं, म्हणून तर हो म्हटलं."

"पण बाकापाशी तुम्ही उभे असता."

चाळीस वर्षांत सुतार बाकापाशी कधी बसलाच नव्हता.

"पाय कापू का?" त्यानं हळूच विचारलं.

"बिडाचे आहेत, फुटतील. मग तुमचेही धड राहायचे नाहीत," म्हातारीनं दम दिला.

"मग आई, गुरुवारी..." सून बोलायला लागली, तोवर म्हातारी पदर खोचून पहार घेऊन आली.

"भाऊजी, पायांच्या खुणा करा. आणि या खेपेला बसून मोजा."

जमिनीत वीतभर खोल चार खड्डे झाले. माती उकरली तसा शेणामुताचा जुना वास उठला. तिघांनी मिळून यंत्र उचललं. कण्हला सुतार जास्त, पण चाकाकडची जड बाजू धरली ती सुनेनं. हे मी शेजारच्या घराच्या खिडकीतून स्वतः पाहिलं, म्हणून सांगतो. माती ठोकून बसवल्यावर सून पुन्हा खुर्चीत बसली, तर तिची कोपरं टेबलावर अलगद टेकली.

सुनेनं टेबल हलवून बघितलं. तसूभर हलेना.

"आई, हे आता जन्मात इथून निघत नाही. केर कसा काढायचा?"

"भोवतीनं," म्हातारी म्हणाली आणि ताटं मांडायला लागली.