एका फेरीचा ट्रेलर

पातेल्यावरचं झाकण खडखडलं आणि सगळ्यांनाच हायसं वाटलं. न्याहारीच्या टेबलावर सासूबाईंनी, उद्या म्हाताऱ्याला पोचवून टाकायचं, असं सांगून टाकलं होतं आणि सगळे आपापल्या बशीत बघत बसले होते. आता निदान उतू जाणाऱ्या दुधाकडे बघता आलं. धाकटी सून उठली, गॅस बारीक केला आणि पाठमोरी राहूनच म्हणाली, "उद्याच?"

"उद्याच. तो माणूस उद्या दुपारपर्यंत जनावरं घेतो. मग पुढच्या मोसमापर्यंत इकडे फिरकत नाही. तोवर त्या म्हाताऱ्याला कोण पोसणार? तू?"

म्हातारा म्हणजे ढब्बू. सासूबाईंनी आयुष्यभर चालवलेली घोडेस्वारीची शाळा गेल्या वर्षी बंद झाली. उंच, देखणी घोडी एकेक करून चांगल्या घरी पडली. उरलं ते हे आखूड पायांचं, एका डोळ्यात फूल पडलेलं तट्टू. निम्म्या गावाची पोरं याच्याच पाठीवर रडत चढली होती आणि हसत उतरली होती. पण मोठी झालेली पोरं ढब्बूला घरी नेत नाहीत. त्याला विचारत आला तो एकच, कापायची जनावरं वजनावर घेणारा. पण तो स्वतः न्यायला येत नाही. आपण नेऊन पोचवायचं.

"अगं, वय झालंय त्याचं," नवरा पावाला लोणी फासत म्हणाला. "आपण काय वाईट वागलो का त्याच्याशी?"

असा प्रश्न तो नेहमीच विचारायचा. 'नाही' म्हणण्यावाचून दुसरं काही म्हणताच येऊ नये असा.

एवढ्या लांब एका तट्टासाठी भाड्याची गाडी यायला तयार नव्हती. म्हणून सासूबाईंनी गाडीमागे जोडायचा घोड्यांचा जुना ट्रेलर बघून ठेवला होता. उद्या ढब्बूला पोचवायचं, मग रॅम्प, म्हणजे मागची चढायची उतरती फळी, काढून त्यात कोंबड्या ठेवायच्या. सगळं ठरलं होतं.

धाकटीनेही दूध गाळता गाळता मनात काही ठरवलं. पुलापलीकडे मुक्या-बहिऱ्या मुलांची शाळा होती. तिथल्या मोठ्या बाई ढब्बूला बघून गेल्या होत्या, त्याच्या मानेवर बराच वेळ हात फिरवून गेल्या होत्या, आणि मुलांसाठी त्याला ठेवून घेता येईल का ते महिनाअखेरीस सांगते म्हणाल्या होत्या. तेवढे दिवस निघायला हवे होते. ट्रेलर मिळाला नाही तर ते आपोआप निघणार होते. आणि ट्रेलर नापास करायला तिच्याएवढं कुणाला जमत नव्हतं. शिकवलं तर सासूबाईंनीच होतं. लग्न होऊन आली तेव्हा त्यांनी तिला एका रिकाम्या ट्रेलरमध्ये उभं करून विचारलं होतं, "काय दिसतं?" ती म्हणाली होती, "रंग छान आहे." त्यावर त्या इतक्या हसल्या होत्या की पुढे वर्षभर पाहुण्यांना ती गोष्ट सांगत होत्या.

"मी येते बघायला," ती म्हणाली.

"ये की," सासूबाई म्हणाल्या. "तुलाच नेणार होते."

ट्रेलर विकणाऱ्या व्यापाऱ्याचं आवार टायरच्या दुकानामागे होतं. मोडक्या बोटी, चाकं नसलेल्या गाड्या आणि मधोमध तो ट्रेलर, नुकताच निळा रंग फासलेला. व्यापारी दात कोरत आला. "ताई, लग्नातल्या नवरीसारखा ठेवलाय. फक्त दोन घोडे बसायचे, तेही गाईसारखे शांत."

धाकटीने भिंगरीला, म्हणजे आपल्या सहा वर्षांच्या लेकीला, गाडी चालवत आलेल्या नवऱ्याच्या हाती दिलं आणि कामाला लागली. टायरांची नक्षी खोल होती, पण बाजूंना बारीक भेगा होत्या. रबर वापरून झिजलं नव्हतं, उभ्या उभ्या वाळलं होतं. जोडणीचा हुक तिने उचलून सोडला, तो जागेवर बसेना. रॅम्पची एक स्प्रिंग मेली होती. बिजागऱ्यांवर गंजावरून रंग मारलेला.

"म्हणजे नवरी म्हातारी आहे," नवरा म्हणाला आणि स्वतःच हसला.

ती आत शिरली. छातीच्या उंचीवरच्या आडव्या दांड्याला दातांच्या खुणा होत्या. मागच्या पत्र्यावर आतून पोचे पडलेले, कुणीतरी जिवाच्या आकांताने लाथा झाडलेल्या. शांत घोडे म्हणे! तिने कोपऱ्यातून रबरी चटई उचलायला घेतली. चटई नवी होती आणि कडेने चिकटवलेली होती. ट्रेलरची चटई कुणी चिकटवत नाही, कारण खालचं मूत धुवायला ती काढावी लागते. तिने जोर लावून ती सोलली. वास आला. वर्षानुवर्षं मुरलेला, आंबट. पिशवीतला स्क्रूड्रायव्हर काढून तिने डावीकडच्या फळीवर टेकवला, जरासा दाबला, आणि तो मुठीपर्यंत आत गेला.

"आई, लोण्यासारखं झालं!" भिंगरी दारातून ओरडली.

"बघा," धाकटी म्हणाली. तिच्या आवाजात आनंद होता, तो तिला लपवता आला नाही. "आख्खी डावी बाजू कुजली आहे. घोड्याचा पाय आरपार जाईल. खाली रस्ता, गाडी धावतेय, आणि पाय... सांगायला नको. हा घ्यायचा नाही. कुणीच घ्यायचा नाही. हा विकायला ठेवणंच पाप आहे."

व्यापाऱ्याची दात कोरायची काडी तोंडातच थांबली. "ताई, तुम्ही फारच..."

"उजवी?" सासूबाईंनी विचारलं.

"काय?"

"उजवीकडे दाब."

तिने दाबलं. उजवीकडची फळी ओली होती, काळी पडली होती, पण टोक जेमतेम रुतलं.

"ढब्बू उजवीकडे उभा राहील," सासूबाई म्हणाल्या आणि व्यापाऱ्याकडे वळल्या. त्यांचा आवाज अगदी लाडीक झाला. "ऐकलंत ना आमच्या सूनबाईंचं? टायर, हुक, स्प्रिंग, बिजागऱ्या, तळ. आता तुमच्या तोंडाने भाव सांगा. नाहीतर मी उद्या आणखी चार लोकांना घेऊन येते, हिला बोलायला लावते."

व्यापाऱ्याने भाव सांगितला. भंगारवालाही याहून बरा देईल असा. नवऱ्याने तिथल्या तिथे हुक ठोकून बसवला.

"आई," धाकटी म्हणाली. "तळ कुजलाय. तुम्ही बघितलं ना?"

"परवाच बघितलं. दार उघडल्याबरोबर नाकाला कळलं मला." सासूबाई तिच्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून पदराच्या टोकाने पुसत होत्या. "मी बोलले असते तर त्याने म्हातारीची बडबड म्हणून सोडून दिलं असतं. तू कशी मनापासून बोलतेस! पोटातून. तुला वाचवायचंय ना त्याला? मग बोलणारच. एका फेरीपुरता तर हवाय, धाकटे. आणि पाय गेलाच आरपार, तर वजनात काय फरक पडतो?"

परतीच्या वाटेवर मागून ट्रेलर खडखडत होता आणि धाकटीला आपली चूक सापडली. या घराण्यात खोड सापडली म्हणून वस्तू कुणी सोडत नाही. खोड हीच तर इथली कमाई. ती 'रंग छान आहे' म्हणाली असती, हुकाचं कौतुक केलं असतं, तर व्यापारी भावावर अडून बसला असता आणि सासूबाई नाक मुरडून रिकाम्या हाती निघाल्या असत्या. त्या पहिल्या दिवसासारखी ती मूर्ख राहिली असती, तर ढब्बू वाचला असता. शहाणं व्हायला शिकली, तीही याच बाईकडून, आणि ते शहाणपण त्यांनी असं वापरलं.

दुपारी ट्रेलर तबेल्यासमोर लागला. ढब्बूला रात्रभर आत बांधून ठेवलं तर सकाळी निघायला सोपं, असं नवऱ्याचं म्हणणं. त्याने दावं ओढलं. ढब्बूने चारी पाय रोवले. सासूबाईंनी मागून झाडू हाणला. ढब्बूने कान पाडले, शेपटी आत घेतली आणि रॅम्पवर एक खूर टेकवून पुन्हा काढून घेतला.

"वास येतोय त्याला," धाकटी म्हणाली.

"वास आपल्यालाही येतो, आपण बसतोय का रुसून? पोरीला बोलव. तिच्याच मागे जातं हे ध्यान."

"नको. तिला नको."

"बरं," सासूबाई म्हणाल्या आणि भिंतीला टेकवलेला जाड दांडका हातात घेतला. "मग तू बघू नकोस."

दांडका ढब्बूच्या मागच्या गुडघ्यावर बसला. त्याच्या तोंडून आवाजसुद्धा आला नाही, नुसती कातडी थरथरली. दुसऱ्यांदा दांडका उचलला गेला आणि धाकटीने मान फिरवून हाक मारली, "भिंगरे! इकडे ये, बाळा. ढब्बूला आत ने."

भिंगरी पळत आली. "कुठे चाललाय?"

"लांब," आजी म्हणाली. "मजा आहे त्याची."

भिंगरीने दावं घेतलंच नाही. ती रॅम्पवर उलट्या पावलांनी चढली, दोन्ही हात पुढे करून. "या, ढब्बोजीराव, या. घाबरट कुठले. मी आहे ना." ढब्बूने नाक पुढे केलं, तिच्या तळहातावर फुरफुरला आणि एकेक पाऊल टाकत तिच्यामागे गेला. उजवीकडची फळी कुरकुरली, पण टिकली. नवऱ्याने मागून रॅम्प उचलला, खिळी घातली. भिंगरी पुढच्या लहान दारातून खाली उतरली, हाताला लागलेली लाळ फ्रॉकला पुसत.

सासूबाई आत चहा टाकायला गेल्या. नवरा गाडीचे दिवे जोडून बघू लागला. धाकटीने लेकीला उचलून कडेवर घेतलं, उचलण्याइतकी हलकी ती आता राहिली नव्हती तरी घेतलं, आणि तिच्या केसांत तोंड लपवलं. तिला वाटलं, असंच उभं राहावं, कुणी काही बोलू नये.

ट्रेलरच्या पत्र्याला आतून एक हलकी धडक बसली. मग दुसरी.

भिंगरीने मान वळवून तिकडे बघितलं. कपाळाला आठी पडली.

"आई," ती म्हणाली, "मी बोलावलं म्हणून तो आत गेला. मग तिकडे पोचल्यावर त्याला बाहेर कोण बोलावणार?"